पीएचडी चालू असतानाच प्रोफेसरकीची तयारी कशी करायची: एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी आणि घरातून पहिल्यांदाच इथवर आलेल्या इंजिनिअर पोरापोरींसाठी

थीसिस सबमिट व्हायला दोनेक महिने राहिले की फोन येतात, "सर, आता फॅकल्टीसाठी अप्लाय करायचंय, काय काय लागतं?" आणि तेव्हा सांगण्यासारखं फार उरलेलं नसतं, कारण जे लागतं त्यातलं निम्मं पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापासून जमवत यायला हवं. ज्याच्या घरात कुणी प्राध्यापक आहे, किंवा ज्याच्या लॅबमधले तीन-चार सीनियर आधीच कुठल्या ना कुठल्या आयआयटीत चिकटलेत, त्याला ह्या गोष्टी चहाच्या टपरीवर फुकट कळतात. आपल्या पोरांना कळत नाहीत. रिसर्च चांगला असतो, पेपर असतात, आणि गाडं अडतं ते सर्टिफिकेट, लेटर (म्हणजे शिफारसपत्र) आणि बोलणं ह्या तीन ठिकाणी. म्हणून पेपर कसे लिहायचे यावर मी फार बोलणार नाही, ते तुमचे गाइड सांगतील. बाकीचं सांगतो.

आधी नोकऱ्या कुठे कुठे आहेत ते बघा, कारण प्रत्येक ठिकाणचं दार वेगळं आहे. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ साठी पीएचडी आणि त्यानंतर ३ वर्षांचा अनुभव लागतो, बेसिक १,०१,५०० पासून सुरू होतो, आणि अनुभव कमी असेल तर ग्रेड २ मध्ये कॉन्ट्रॅक्टवर घेतात. पीएचडीच्या आधीच्या डिग्रीला फर्स्ट क्लास असावा लागतो, हे कित्येकांना अर्ज भरताना कळतं. एनआयटीत, म्हणजे आपलं नागपूरचं व्हीएनआयटी किंवा एनआयटी गोवा, तिथे वरच्या लेव्हलसाठी क्रेडिट पॉइंटचा हिशोब असतो, पेपरला इतके, प्रोजेक्टला इतके, पीएचडी गाइड केली तर इतके, तर तो तक्ता आजच डाउनलोड करून भिंतीवर लावा. राज्य सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या जागा एमपीएससी भरते, तिथला खेळच निराळा. आणि प्रायव्हेट कॉलेजं आहेतच, एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमाने असिस्टंट प्रोफेसरचा बेसिक ५७,७०० आहे पण तो कागदावर, हातात किती पडतो ते तिथे शिकवणाऱ्या कुणालाही कोपऱ्यात घेऊन विचारा. सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे मिळतात तसं शिकवत, दोन वर्षं काढू, तोवर बघू, असा विचार करणारे मी बरेच बघितलेत. घर चालवायला करावं लागलं तर करा, त्यात काही वाईट नाही, पण आठवड्याचे दोन दिवस पेपरसाठी वाचवता येत नसतील तर ती दोन वर्षं वाढत जातात.

आता आरक्षणाचं. २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षण संस्थांमधल्या शिक्षक भरतीचा कायदा आला, त्याने अख्खी संस्था एक युनिट धरली, एससी १५ टक्के, एसटी साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १०. त्याआधी आयआयटीत टेक्निकल विषयांना फक्त असिस्टंट प्रोफेसरच्या पातळीवर आरक्षण होतं, आता वरच्या दोन्ही पदांनाही लागू आहे. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात इंटरव्ह्यू होतात आणि जागेपुढे 'नॉट फाउंड सुटेबल' लिहून जागा रिकामी राहते, हे प्रकरण संसदेपर्यंत गाजलंय, त्यावर भांडणारे भांडतायत आणि भांडायलाच हवं. पण तुम्ही कॅंडिडेट म्हणून काय करू शकता? तर त्या कमिटीला 'सुटेबल नाही' असं लिहायला एकही सोपं कारण द्यायचं नाही. अर्धवट रिसर्च प्लॅन, फोल्डरमध्ये नसलेलं सर्टिफिकेट, गुळमुळीत लेटर, ही सगळी सोपी कारणं. आणि हो, रोलिंग जाहिरातीत वर्षभर अर्ज करता येतो, शिवाय एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांसाठी स्पेशल रिक्रूटमेंट ड्राइव्ह निघतात, तर दोन्हीकडे लक्ष ठेवा. आपली कॅटेगरी आहे म्हणून फक्त ड्राइव्हची वाट बघत बसायचं कारण नाही.

सर्टिफिकेटवर जरा थांबतो कारण इथे फार जण गळपटतात. महाराष्ट्रात तुम्ही एनटी-सी, एनटी-डी, व्हीजे-ए काहीही असा, केंद्राच्या यादीत धनगर, वंजारी, बंजारा हे ओबीसीत येतात, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या फॉर्मवर तुम्ही ओबीसी, आणि त्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर चालत नाही. राज्याचा दाखला तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, केंद्राच्या जाहिरातीत मात्र बहुतेक वेळा चालू आर्थिक वर्षातला मागतात, म्हणजे १ एप्रिल उलटला की परत तहसीलच्या चकरा. मराठा असाल तर राज्याचं एसईबीसी केंद्रात धरत नाहीत, कुणबी दाखला नसेल आणि उत्पन्न बसत असेल तर तिथे ईडब्ल्यूएस बघावं लागतं, आणि तेही दरवर्षी नवं. सेतूवाला काउंटरवरून काहीही ठोकून देतो, "तुमची फेलोशिप धरली तर उत्पन्न जास्त होतं" वगैरे, ते ऐकून परत फिरू नका, केंद्राच्या नियमात क्रीमी लेयर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतो, तुमच्या स्टायपेंडवरून नाही. लग्न झालेल्या मुलींनो, तुमचंही आईवडिलांवरूनच, नवऱ्याच्या पगारावरून नाही. फक्त नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, लग्नाचा दाखला आणि जुन्या नावाच्या मार्कशीट हे सगळं एका पीडीएफमध्ये लावून ठेवा. एसटीच्या मुलांनी व्हॅलिडिटी अजून हातात नसेल तर पीएचडीच्या पहिल्याच वर्षी पाठपुरावा चालू करावा, पडताळणी समितीकडे फाइल किती काळ पडून राहते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पेपरचं दोन वाक्यांत. चार बरे पेपर दहा फालतू पेपरांना भारी पडतात, आणि पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधला एक पेपर सीव्हीवर असला तरी बाकीच्यांकडे संशयाने बघतात. पहिला लेखक म्हणून किमान दोन तरी काम असं असावं की ज्याबद्दल गाइडशिवाय अर्धा तास बोलता येईल.

आता लेटर. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते कुणाला दिसतही नाही, कारण लेटर तुमच्या हातात कधी येतच नाही, संस्था थेट रेफरीकडून, म्हणजे तुम्ही ज्यांची नावं दिलीत त्यांच्याकडून मागवते. तीन तरी लेटर लागतात, कधी पाच. गाइड, डॉक्टरल कमिटीतले एक सर आणि एचओडी, ही जी नेहमीची यादी असते ना, ती कमजोर आहे, तिघंही एकाच बिल्डिंगमधले. एखादं तरी नाव बाहेरचं पाहिजे. ते कुठून आणायचं? कॉन्फरन्सला पेपर वाचून लगेच जेवणाच्या लायनीत पळायचं नाही, ज्यांचे पेपर तुम्ही थीसिसमध्ये दहा वेळा वापरलेत ते समोर आले तर एक नेमका प्रश्न विचारायचा, नंतर मेल टाकायची, सहा महिन्यांनी आपला नवा पेपर पाठवायचा. असं दोन वर्षं चाललं की तो माणूस तुमच्याबद्दल चार ओळी खऱ्या लिहू शकतो. आपल्याकडे मोठ्या माणसाला स्वतःहून मेल करणं म्हणजे आगाऊपणा असं डोक्यात बसलेलं असतं, ते काढून टाका, तिकडची पोरं पहिल्या वर्षापासून करतात. कॉन्फरन्सच्या खर्चासाठी फेलोशिपची कॉन्टिन्जन्सी (किरकोळ खर्चाचे पैसे) बघा, परदेशी जायचं तर एएनआरएफची (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था) ट्रॅव्हल सपोर्ट योजना बघा, खिशातून नंतर.

आणि लेटर मागताना "सर रेकमेंडेशन पाहिजे होतं" एवढंच व्हॉट्सअ‍ॅप करू नका. मेल साधारण अशी असावी: कुठे अर्ज करतोय, शेवटची तारीख काय, सोबत सीव्ही आणि रिसर्च प्लॅन जोडलाय, आणि खाली एक परिच्छेद, "तुमच्या कोर्सला मी अमुक प्रोजेक्ट केला होता ज्याचा पुढे पेपर झाला, २०२३ मध्ये लॅबमधली मशीन बंद पडली तेव्हा तिचं कॅलिब्रेशन मी केलं होतं, दोन एमटेकच्या मुलांचं रोजचं काम मी बघत होतो, यातलं जे तुम्हाला योग्य वाटेल ते लिहिलंत तर मदत होईल." गाइडकडे पंधरा पोरं असतात, त्यांना हे आठवत नसतं, मग 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' लिहून मोकळे होतात. आपल्या पोरांच्या लेटरमध्ये मेहनती, नम्र, प्रामाणिक हे शब्द फार, आणि स्वतंत्र विचार करतो, नवी कल्पना काढतो हे कमी, असं माझं निरीक्षण आहे. मेहनती माणूस असिस्टंट म्हणून पाहिजे असतो, प्रोफेसर म्हणून नाही. गाइड लोकांपैकी कुणी हे वाचत असेल तर हात जोडून विनंती, हे तेवढं बघा.

रिसर्च प्लॅन. समजा तुम्ही सिव्हिलचे आहात आणि फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटवर काम केलंय. नव्वद टक्के पोरं सुरुवात करतात, 'फ्लाय अ‍ॅशयुक्त काँक्रीटच्या यांत्रिक गुणधर्मांचा अभ्यास हा माझ्या संशोधनाचा विषय असून' वगैरे. हे वाचून कमिटीतल्या मेकॅनिकलवाल्याला काय कळणार, आणि सिव्हिलवाला म्हणणार हे तर हजार जणांनी केलंय. तेच असं लिहून बघा: कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांतून निघणाऱ्या राखेचा दर्जा जसा कोळसा बदलतो तसा बदलतो, त्यामुळे तेच मिक्स वापरूनही काँक्रीट कधी लवकर सेट होतं कधी उशिरा, साइटवरचा माणूस वैतागून राखच कमी घालतो, राखेच्या केमिस्ट्रीवरून हे आधी सांगता येईल का हा माझा प्रश्न, पीएचडीत मी इथपर्यंत आलो, पुढच्या तीन वर्षांत हे करणार. विषय तोच, काम तेच, पण आता प्रश्न दिसतोय. त्याच्यापुढे तीन गोष्टी हव्यातच: गाइडपेक्षा तुमचं काम वेगळं कुठे होतं, पहिल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला कुठला प्रश्न द्याल, आणि पैसा कुठून येईल. पैशासाठी एएनआरएफची अर्ली करिअर ग्रँट आहे, एससी-एसटी संशोधकांसाठी त्यांचीच वेगळी इन्क्लुझिव्हिटी ग्रँट आहे, संस्थेची सीड ग्रँट, म्हणजे नव्या माणसाला सुरुवातीला मिळणारे पैसे, असते. नावानिशी लिहा. आणि ज्या डिपार्टमेंटला पाठवताय तिथे कुठलं उपकरण आधीच आहे, कुणाबरोबर काम जुळेल, ते दोन ओळीत टाका, एकच पीडीएफ वीस ठिकाणी फॉरवर्ड केलेला लगेच ओळखू येतो.

शिकवण्याचं बघू. टीएशिप म्हणजे आपल्याकडे पेपर तपासणं आणि हजेरी घेणं, त्याने शिकवता येत नाही. गाइडला सांगून त्यांच्या कोर्सचे दोन-तीन तास स्वतः घ्या आणि मागच्या बाकावर मित्राला मोबाइल घेऊन बसवा. व्हिडिओ बघताना लाज वाटते, बघाच, फळ्याकडे तोंड करून बोलताय, दर वाक्याला 'ओके' म्हणताय, हे तिथेच दिसतं. पीएमआरएफवाल्यांना (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) शेजारच्या कॉलेजात शिकवावंच लागतं, ते पाट्या टाकल्यासारखं उरकू नका, तीच तुमची प्रॅक्टिस. निवडीच्या वेळी शिकवून दाखवायच्या डेमोला दहा-पंधरा मिनिटं देतात आणि विषय सेकंड इयरचा, म्हणजे समजा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट. इथे पोरं थेट साइन कन्व्हेन्शन लिहायला लागतात. त्याऐवजी फळ्यावर नाल्यावर टाकलेली एक फळी काढा, मधोमध माणूस उभा, आणि समोरच्यांना विचारा फळी मोडली तर कुठे मोडेल. मोमेंट सगळ्यात जास्त कुठे ते त्यांच्याच तोंडून येतं, मग डायग्राम काढायची, मग साइन कन्व्हेन्शन. एकच कल्पना पूर्ण करा, सिलॅबस संपवायला कुणी सांगितलेलं नाही.

जॉब टॉक, म्हणजे कमिटीसमोर आपलं काम मांडणं, आणि इंग्लिश. मराठी मीडियमची भीती मला माहितीये, आणि ती खरी आहे, पण कमिटीला फाडफाड इंग्लिश नको असतं, काम कळायला हवं असतं. छोटी वाक्यं, सावकाश. पहिली दोन मिनिटं शब्दन् शब्द पाठ करा कारण धडधड तेवढीच वेळ असते, नंतर स्वतःचंच काम आहे, जमतं. स्लाइडवर आकृती मोठ्या आणि अक्षर कमी. प्रश्न कळला नाही तर "तुम्ही अमुक विचारताय का?" असं परत विचारणं यात कमीपणा नाही, न कळता उत्तर देण्यात आहे. प्रॅक्टिस आपल्याच लॅबसमोर करून फार उपयोग नाही, त्यांना सगळं माहीत असतं, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या दोघातिघांना वडापाव खाऊ घालून बसवा आणि सांगा जिथे कळणार नाही तिथे थांबवा. यात एखादा सुस्वभावी प्रोफेसर मिळाला तर सोनंच.

इंटरव्ह्यूच्या खोलीत डायरेक्टर, बाहेरचे एक्स्पर्ट, एचओडी असे बसलेले असतात आणि सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. बरेच प्रश्न ठरलेले: कुठले दोन यूजी कोर्स शिकवाल, नवा इलेक्टिव्ह कुठला काढाल, इथेच का यायचंय, पाच वर्षांनी लॅब कशी दिसेल. मग कधीतरी मध्येच येतं, "गेटची रँक किती होती?" पीएचडी झालेल्या माणसाला रँक विचारण्यात काय मतलब असतो ते आपल्याला नीट कळतं. आयआयटी बॉम्बेने २०२३ मध्ये, विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईई-गेटची रँक विचारणं बरोबर नाही अशा सूचना काढल्या होत्या, त्या कॅम्पससाठी होत्या, इंटरव्ह्यूच्या खोलीत असं काही रक्षण नसतं. चिडायचं नाही, थरथरायचं पण नाही. रँक सांगायची असेल तर आकडा सांगा आणि श्वास न घेता पुढचं वाक्य, "आणि त्यानंतर अमुक जर्नलमध्ये हे काम आलं, त्यात मला असं सापडलं." गाडी आपल्या रुळावर आणायची. मुलींना लग्नाचं, मुलांचं, नवरा कुठे असतो याचं विचारतात, त्याला "माझी जॉइन व्हायची पूर्ण तयारी आहे" एवढं एक वाक्य पुरे, खुलासे देत बसायचं नाही. हे सगळं घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा, खरंच, तोंडातून एकदा निघालेलं वाक्य ऐनवेळी सापडतं.

मुलींसाठी अजून एक, यूजीसीच्या नियमात पीएचडीदरम्यान २४० दिवसांपर्यंत मातृत्व रजा आहे, आयआयटीचे स्वतःचे नियम असतात, ते वाचून लेखी अर्ज करून घ्या, तोंडी परवानगीवर राहू नका, नंतर सीव्हीवरच्या गॅपचा तोच पुरावा असतो. दिव्यांग उमेदवारांसाठी २०१६ च्या कायद्याने ४ टक्के जागा आहेत, टॉकला काय सोय लागेल ती अर्जाबरोबरच कळवा.

पीएचडी आणि नोकरी यांच्या मधला काळ हा खरा दरीचा भाग. फेलोशिप थांबलेली, घरचे विचारतायत अजून शिकतोच का, धाकट्या बहिणीचं लग्न. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपचे पैसे वेळेवर येत नाहीत हे आंदोलनं करून करून सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे थकबाकी एकरकमी आली की त्यातले चार-सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढायचे, मोबाइल नंतर. थीसिस सबमिट करायच्या सहा महिने आधी पोस्टडॉकचे अर्ज सुरू करा. एएनआरएफची नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते, वयाची अट ३५ आणि एससी, एसटी, ओबीसी, महिला, दिव्यांगांना ५ वर्षं सूट. परदेशात हम्बोल्ट, मेरी क्युरी आहेत, त्यांना पीएचडीनंतर ठराविक वर्षांच्या आतच अर्ज चालतो, तर ते घड्याळ बघा. परदेशीच जावं लागतं असं काही नाही, पण पीएचडीची आणि पोस्टडॉकची संस्था वेगळी असावी, तेवढं पाळा, लेटरचा प्रश्नही त्यानेच सुटतो.

ऑफर आली की आनंदाने लगेच सही करून पाठवू नका. सीड ग्रँट किती, लॅबसाठी जागा कुठली आणि कधी मिळणार, पहिल्या सेमिस्टरला कोर्सचा भार किती, क्वार्टर आहे का, पोस्टडॉकची वर्षं धरून इन्क्रिमेंट देतात का, हे सगळं मेलवर विचारायचं आणि उत्तर मेलवरच घ्यायचं. जॉइनिंगची मुदत बहुतेक वेळा वाढवून मिळते, पेपर अडकला असेल किंवा घरची अडचण असेल तर मागा. जॉइन होताना दाखल्यांची मूळ प्रत मागतात, कॅटेगरीचा दाखला पडताळणीसाठी जिल्ह्याला जातो, तर प्रांत ऑफिसचा नंबर आणि दाखल्याचा बारकोड आधीच एका कागदावर लिहून फाइलला लावून ठेवा.